दादाचा टू-इन-वन

मला जी वस्तू हवी असते ती मी कधीच मागत नाही. जुन्या यंत्रांच्या खरेदी-विक्रीत माझं आयुष्य गेलं ते या एका नियमावर. लेथ हवा असेल तर शेजारच्या ड्रिलिंग मशीनवरून भांडायचं. विजेची मोटार हवी असेल तर ती ज्या पेटीत ठेवली आहे त्या पेटीला नावं ठेवायची. आपल्याला काय हवंय हे समोरच्यानं ओळखलं की आपण मेलो.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर बेंगळुरूजवळच्या आनेकलमधला एक छोटा कारखाना बंद पडला. त्याच्या तीन मोटारी तिथल्या भंगारवाल्याकडे आल्यात असं कळलं म्हणून मी सकाळची बस धरून गेलो. मोटारी चांगल्या होत्या. त्यामुळे मी तोंड वाकडं करून त्यांच्याभोवती फिरत होतो. फिरताना शेडच्या टोकाला, फुटक्या मिक्सरांच्या ढिगावर मला तो सेट दिसला.

लांबट, करड्या रंगाचा. दोन्ही बाजूंना स्पीकर, मध्ये कॅसेटचं दार, वर उचलायची मूठ. असे सेट मी पुष्कळ पाहिले होते. पण याला एरियलच्या जागी सायकलच्या चाकातली तार सोल्डर केली होती आणि कुणाच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून तिचं टोक गोल वळवलं होतं. ते टोक मी वळवलं होतं. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, जयनगरात, दादाच्या घरी.

ओळख पटल्याचं चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी जवळच्या मोटारीला लाथ मारली.

“हिचं वाइंडिंग जळालंय.”

“जळालं नाही अण्णा, नुसता धूर बसलाय.”

“धूर कुठून आला? तू उदबत्ती लावलीस तिला?”

अर्धा तास असा गेला. दोनदा मी रस्त्यापर्यंत चालत गेलो, दोनदा त्यानं हाका मारल्या. शेवटी म्हणालो, “सरी. घेतो तिन्ही. पण तो ढिगावरचा डबा वर टाक. पोरं खेळतील.”

“तो जपानी आहे अण्णा.”

“होता. आता त्यात झुरळं राहतात.”

“झुरळंसुद्धा जपानीच असतील,” तो म्हणाला आणि त्यानं सेट माझ्या हातात दिला. “पण चालत नाही, आधीच सांगतो. वर्षानुवर्षं कुणाच्या तरी माळ्यावर पडून होता.”

मोटारी टेंपोत चढवून मी सेटसह बसनं परत निघालो. तो टेंपोत टाकायची छाती झाली नाही. एचएसआर लेआउटच्या बाजूला तेव्हा नुसते आखलेले प्लॉट आणि त्यांच्या कोपऱ्यांवर पुरलेले दगड होते. त्या उघड्या माळाकडे बघत, सेट मांडीवर घट्ट धरून मी बसलो होतो. शेजारचा माणूस दोनदा माझ्याकडे बघून जरा सरकून बसला. माझा चेहरा कसा झाला असेल कोण जाणे.

काय झालं होतं ते सांगतो.

आमचं गाव निपाणीच्या बाजूचं. दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. बेंगळुरूच्या एका मोठ्या कारखान्यात तो चिकटला, जयनगरात भाड्यानं राहू लागला, लग्न झालं. मॅट्रिकला मी नापास झाल्यावर आईनं मला त्याच्याकडे धाडलं. दिवसा मी एका वर्कशॉपमध्ये हेल्परी करायचो आणि त्याच्या हॉलमध्ये झोपायचो. दादाचा एक सहकारी आखातातून आला, त्याच्याकडून दादानं हा सेट घेतला. तेव्हा आमच्या गल्लीत असा सेट दुसरा नव्हता. दादा त्यावर रोज फडकं मारायचा.

एका संध्याकाळी मी कामावरून आलो, तर सेट जागेवर नव्हता. दादा दारात उभा होता. त्यानं मला एक शब्द विचारला नाही. माझी ट्रंक ओढत बाहेर अंगणात आणली आणि सगळ्या गल्लीसमोर उलटी केली. त्यातून दोन सदरे, आईनं दिलेली गोधडी, एक आरसा असं काय काय पडलं. समोरच्या घरातले काका फाटकावर कोपर टेकून बघत होते. दादा म्हणाला, “विकून आला असेल हरामखोर. वर्कशॉपात चोरच भरलेत.” वहिनी दाराच्या चौकटीत उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे पाहिलं, आणि ती आत गेली.

मी सामान गोळा करून निघालो. दादानं गावी पत्र घातलं. मी त्यानंतर गावी गेलो तेव्हा आईनं जेवायला वाढलं, पण माझी पाठ वळली की कपाटाला कुलूप घालायची. दोन वर्षांनी ती गेली. माझ्याबद्दल तेच मनात घेऊन गेली. पुढं मी स्वतःचं गोडाऊन केलं, घर बांधलं, चार माणसं हाताखाली ठेवली. पण नात्यातल्या लग्नात मी गेलो की कुणीतरी हळूच दागिन्यांची पेटी दुसऱ्या खोलीत न्यायचं. सोळा वर्षं. राग येणं हा माझा स्वभावच आहे, पण हा राग वेगळा होता. तो मी जपून ठेवला होता.

आणि आता तो सेट माझ्याकडे होता.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, “समजा सोळा वर्षांनी चोर सापडला. काय करणार? पेढे वाटणार?”

“दादाच्या हॉलमध्ये नेऊन वाजवणार. आणि कोणी नेला होता ते शोधून त्याच्या तोंडावर सांगणार.”

“त्यापेक्षा तो डबा गच्चीवर ठेवा. मला याच्याकडे बघूनच बरं वाटत नाही.”

मी तिच्यावर ओरडलो. ती उठून आत गेली.

सेट दुरुस्त करायला मी एका म्हाताऱ्याकडे दिला. चिकपेटेच्या मागं एका बोळात त्याची खोली होती. तो मराठाच, पण त्याचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत, त्यामुळे त्याची मराठी अर्धी कन्नड झालेली. आयुष्यभर रेडिओ दुरुस्त करून त्याची मान कायमची खाली वाकली होती. खिडकीला काळा कागद, टेबलावर एकच दिवा. तो दिवा खाली ओढून त्यानं मागचं झाकण उघडलं. आत बॅटरीच्या कप्प्यात हिरवा गंज साचला होता. कॅसेट फिरवणारे रबरी बेल्ट वितळून त्यांचं डांबर झालं होतं, बोटाला लागलं की तार धरायचं.

“होईल,” तो म्हणाला. “स्वल्प वेळ द्या अण्णा. बेल्ट कापून करतो. हेड चांगलं आहे, फार कॅसेटी चाललेल्या नाहीत.”

आठवड्यानं गेलो तेव्हा सेटचे भाग वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले होते. त्यानं मला जवळ बोलावलं आणि आवाज कमी-जास्त करायचा भाग उघडून चिमट्यानं उजेडात धरला. आत नालेच्या आकाराची एक काळी पट्टी असते. बटण फिरवलं की एक पातळ पत्रा तिच्यावरून सरकतो.

“बघा. खालून इथपर्यंत पट्टी नवीकोरी. आणि हे वरचं टोक पार झिजून पांढरं पडलंय. हा सेट कुणी हळू आवाजात लावलाच नाही अण्णा. लावला तो शेवटच्या टोकाला. स्पीकरचे कागदही त्यामुळे फाटलेत. असं कोण ऐकतं?”

“माझा भाऊ ऐकायचा.”

“कानानं कमी होता?”

“नाही.”

त्यानं विजेची वायर उचलली. तिला तीन ठिकाणी जोड होते आणि प्रत्येक जोडावर पांढरी, पिवळट पडलेली जखमेला लावायची चिकटपट्टी गुंडाळली होती. ती मी ओळखली. दादा कारखान्याच्या दवाखान्यातून असल्या पट्ट्या आणायचा.

“उंदीर कुरतडायचे,” मी म्हणालो. दादा तसंच म्हणायचा.

म्हाताऱ्यानं एका जोडावरची पट्टी सोलली आणि तारेची टोकं माझ्यापुढं धरली. सरळ कापलेली. “उंदीर असा कापत नाही. ही विळी आहे, नाहीतर ब्लेड. एकदा कापली, यांनी जोडली. पुन्हा कापली, पुन्हा जोडली. घरात कुणाला तरी हा सेट नको होता.”

“तुझं काम दुरुस्त करायचं. पंचनामा करायचा नाही,” मी ओरडलो.

“सरी, अण्णा, सरी,” तो म्हणाला आणि दिव्याखाली परत वाकला.

मी बोळाच्या तोंडाशी येऊन उभा राहिलो. तिथं उभं राहून जे आठवलं ते आठवायला मला सोळा वर्षं लागली असं म्हणणं खोटं ठरेल. दादा कामावरून यायचा, चपला काढायचा, कॅसेट घालायचा, आवाज चढवायचा आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावायचा. वहिनी आत असायची. मी हॉलमध्ये गाण्यावर पायानं ठेका धरून बसायचो. गाणं दोनदा-तीनदा वाजून दार उघडायचं. वहिनी त्यानंतर ताटं वाढताना एका हातानं वाढायची. मला कळत नव्हतं असं नाही. पण मी त्या घरात जेवत होतो.

कुणाही भल्या माणसाच्या मनात इथं दया आली असती. माझ्या मनात काय आलं ते लिहितो, कारण तेच खरं आहे. मला वाटलं, सापडली. वायर कापणारी तीच, सेट घालवणारीही तीच. आणि माझी ट्रंक उलटी होत होती तेव्हा ती चौकटीत उभी राहून गप्प बसली. धंद्यात समोरच्याचं वर्म सापडलं की मला जसा थंडपणा येतो, तसा तेव्हा आला.

परत आत जाऊन मी म्हाताऱ्याला म्हणालो, “स्पीकर मूळचे बसवू नका. त्याहून मोठ्या ताकदीचे घाला. आख्ख्या गल्लीत ऐकू गेलं पाहिजे.”

त्यानं मान न उचलता विचारलं, “कुणाला ऐकवायचंय?”

“ज्यांनी ज्यांनी माझी ट्रंक बघितली त्यांना.”

पंधरा दिवसांनी सेट तयार झाला. करडा रंग धुऊन निघाला होता, वायर अखंड नवी होती. म्हाताऱ्यानं रेडिओ लावून बटण थोडं फिरवलं तर टेबलावरचे स्क्रू थरथरले. त्यानं लगेच बंद केला. एरियल बदलू का विचारलं. मी नको म्हणालो. सेट माझ्या हातात देताना तो म्हणाला, “काम चांगलं झालंय. पण मला आनंद नाही झाला अण्णा. का ते विचारू नका.” मी विचारलं नाही.

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास मी जयनगरात दादाच्या फाटकाशी रिक्षातून उतरलो. गल्ली तीच होती. समोरचे काका आता म्हातारे झाले होते आणि फाटकाशी तसेच कोपर टेकून उभे होते. दादानं वर्षभरापूर्वी स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे, दिवसभर घरीच असतो, असं मी ऐकलं होतं.

दार वहिनीनं उघडलं. तिनं आधी सेट पाहिला, मग मला.

“भाऊजी, हा कुठून आणलात?”

“दादा कुठंय?”

“पेपर आणि दूध आणायला गेलेत. येतील आता.” ती बाजूला झाली. मी हॉलमध्ये त्याच जुन्या टेबलावर सेट ठेवला, वायर लावली आणि वळून म्हणालो, “तुम्हीच दिला होता ना?”

मी रडारड धरून चाललो होतो, नाकबुली धरून चाललो होतो. त्या दोन्हींवर काय बोलायचं ते मी ठरवून आलो होतो. ती म्हणाली, “हो. भंगारवाल्याला. एका बादलीवर.”

“बादलीवर?”

“प्लॅस्टिकच्या. निळी होती.”

मला हसावं की ओरडावं कळेना. “अहो, त्या सेटवर दोन घरांची भांडी आली असती. घासाघीस तरी करायची!”

“तो लवकर जायला हवा होता. तुमचे दादा यायची वेळ झाली होती.” तिनं पदरानं हात पुसले. मनगटाच्या वर एक हिरवट डाग होता, तो चार-पाच दिवसांचा असावा. “मला वाटलं, गाणी बंद झाली की शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जाईल. कुणीतरी दार वाजवेल.”

“मग?”

“ऐकू गेलं की. लोकांनी आपापल्या खिडक्या लावून घेतल्या.” ती दाराकडे बघत भराभर बोलत होती. “तुमच्यावर येईल असं मनात आलं नव्हतं, शपथ. आलं तेव्हा बोलायला पाहिजे होतं. माझी जीभ उचलली नाही. तुम्ही त्यांना आज सांगा. तुमचा हक्क आहे. फक्त सांगून लगेच जाऊ नका, थोडा वेळ बसा.”

फाटक वाजलं. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात जाऊन विळीवर बसली आणि बीन्स चिरू लागली.

दादा थकला होता. केस गेले होते, पोट सुटलं होतं. सेट पाहून तो दारातच थांबला, मग पिशवी खाली ठेवून जवळ आला आणि त्यानं त्याच्यावरून हात फिरवला. “नवा केलास की रे. आणलास तर शेवटी!”

“मी नेला नव्हता,” मी म्हणालो. हे वाक्य सोळा वर्षं तयार होतं.

“मग कोणी नेला?” त्याचा हात सेटवरच होता. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. त्यानं मान वळवली आणि स्वयंपाकघराकडे पाहिलं. विळीचा आवाज थांबला. वहिनी वर बघत नव्हती. तिनं हातातली शेंग तशीच धरली होती आणि खांदे थोडे वर घेतले होते.

मी माझ्या धंद्यात माणसाचा चेहरा बघून भाव ठरवतो. दादाचा चेहरा बघून मला कळलं की माझ्या नावाची किंमत आज या खोलीत कोण देणार आहे.

“मीच नेला होता,” मी म्हणालो. “विकला. पैसे उडवले.”

दादा मोठ्यानं हसला. त्याला खरंच आनंद झाला होता. दार उघडंच होतं, तो बाहेर ओरडला, “अहो काका, ऐकलंत का! चोर आला मुद्देमाल घेऊन! मी तेव्हाच सांगत होतो!” मग परत येऊन त्यानं रेडिओ लावला. कन्नड बातम्या चालू होत्या. बटण त्यानं एका झटक्यात शेवटपर्यंत फिरवलं. ते बोट नेहमीच्या वाटेनं गेल्यासारखं गेलं. निवेदिकेचा आवाज भिंतींवर आदळायला लागला, टेबलावरचा पेला सरकला. मोठे स्पीकर मीच बसवून घेतले होते.

वहिनी उठली. कुणी काही सांगितलं नव्हतं. तिनं रस्त्याकडची एक खिडकी लावली, मग दुसरी.

“दादा,” मी ओरडून म्हणालो, “हा सेट मला दे.”

एखादी वस्तू मी अशी सरळ मागितली, ती तेव्हाच. त्यामुळे ती मिळणार नव्हती. “का?” तोही ओरडला. “पुन्हा विकायला? माझा आहे तो. तू नीघ.”

मी प्लग ओढून काढला. अचानक इतकं शांत झालं की बाहेरच्या सायकलची घंटा ऐकू आली. सेट उचलून मी दाराकडे वळलो. दादानं माझी कॉलर धरली, ती फाटली. पुढचं दार दादानं मघाशी परत येताना कडी घालून लावलं होतं. वहिनीनं पुढं होऊन कडी काढली. दादानं ते पाहिलं.

मी अंगण ओलांडून फाटकाबाहेर आलो. वायर मागं फरफटत होती. “चोर! धरा त्याला!” दादा उंबऱ्यातून ओरडत होता. शेजारच्या दोन्ही घरांतले लोक बाहेर आले. एका बाईनं आपलं फाटक लावून घेतलं. काका रस्ता अडवून उभे राहिले. मग दादाचं ओरडणं थांबलं. तो आत गेला आणि दार लागलं.

मी रस्त्यावर उभा राहून ऐकत होतो. खिडक्या लावलेल्या होत्या, तरी भांडं पडल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर दुसरा एक आवाज. तो गल्लीत सगळ्यांना ऐकू गेला. पण सगळे माझ्याकडे बघत होते. त्या घराकडे कुणी बघत नव्हतं.

“लाज नाही वाटत?” काका म्हणाले. “दिवसाढवळ्या, सख्ख्या भावाच्या घरात! पोलिसांना बोलवू का?”

मी सेट त्यांच्या दोन्ही हातांत दिला. “हा धरा,” मी म्हणालो. “चोरी केलीय मी, या सगळ्यांनी बघितलंय. बोलवा. आत्ता बोलवा.”

आणि मी वळून दादाच्या दाराकडे पळत सुटलो.